टॉवेल कारखान्याचा सर्व्हर: हार्डवेअर रेड कार्ड कोणतं घ्यावं, डिस्क कोणत्या, लेव्हल कुठली?

धोटा_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी नवा सर्व्हर घ्यायचाय. त्याला रेड कार्ड हवं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी गेली तरी डेटा वाचवणारं कार्ड. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तपशील असे:

वापरणारे ३५ ते ४०. विंडोज सर्व्हर, त्यावर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणारं ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर (डेटाबेस आज १८० जीबी), टॅली प्राइम आणि डिझाइनच्या फायली साधारण २ टीबी. शिवाय २४ कॅमेऱ्यांचं ३० दिवसांचं रेकॉर्डिंगही याच मशीनवर बसवा, असं मालक म्हणतात. जुन्या मशीनला मदरबोर्डचंच रेड-१ (दोन डिस्कांवर तोच डेटा, म्हणजे आरसा) आहे आणि डिस्क साध्या डेस्कटॉपच्या. सर्व्हरची खोली शेडला चिकटून. एसी आहे, पण रात्री बंद करतात. जनरेटर आहे, यूपीएस जुना लाइन-इंटरॅक्टिव्ह.

दोन कोटेशनं हातात आहेत:
पहिलं: कॅश (कार्डावरची वेगवान मेमरी) नसलेलं रेड कार्ड, ८ टीबीच्या ४ साटा डिस्क, रेड-५ (एक डिस्क गेली तरी चालतं).
दुसरं: मेगारेड ९५६०-८आय हे कॅशवालं कार्ड, ९६० जीबीच्या ४ एसएसडी रेड-१० मध्ये (जोडीजोडीनं आरसा), ८ टीबीच्या ४ डिस्क रेड-६ मध्ये (दोन गेल्या तरी चालतं). किंमत पहिल्याच्या जवळपास पावणेदोन पट.

मालकांचा प्रश्न सरळ आहे, "दोन्हींत रेड आहे, मग जास्तीचे पैसे कशाचे?" याचं नेमकं उत्तर हवंय. दुसऱ्या कोटेशनमध्ये काही कमीजास्त करता येईल का, तेही सांगा.

---

सातरस्ता

जास्तीचे पैसे मुख्यतः कॅशचे, हे मालकांना आधी सांगा.

एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक व्यवहार पक्का करताना लॉग फाइलमध्ये लिहितो आणि "लिहिलं गेलं" असं डिस्ककडून कळेपर्यंत थांबतो. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. कॅश नसलेल्या कार्डावर दर वेळी तेवढं तरी थांबणं आलं. रेड-५ असेल तर एका छोट्या लिखाणामागे चार कामं: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायला ठेवलेला हिशोब) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. महिनाअखेरीला चाळीस जण एकदम बिलं टाकायला बसले की ईआरपी रांगायला लागतं आणि शिव्या बसतात सॉफ्टवेअरवाल्याला.

कार्डावर कॅश असली की लिखाण कार्डाच्या मेमरीत पडतं, लगेच पोच मिळते आणि डिस्कवर सावकाश उतरतं. याला राइट-बॅक म्हणतात. धोका उघड आहे: वीज गेली तर मेमरीतलं सगळं गेलं. म्हणून त्या मेमरीला संरक्षण लागतं, आणि ते दोन प्रकारचं मिळतं.

बॅटरी (बीबीयू): लिथियम-आयन. मेमरी साधारण ७२ तास जिवंत ठेवते. दोन-तीन वर्षांत थकते, गरम खोलीत त्याआधीच. अधूनमधून लर्न सायकल (बॅटरी उतरवून-भरून तपासणं) चालते. जुन्या कार्डांत तेवढा वेळ कार्ड राइट-थ्रूवर (डिस्कवर उतरेपर्यंत पोच न देण्यावर) येतं आणि सर्व्हर मधेच का मंदावला ते कोणालाच कळत नाही.

सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश (मेगारेडमध्ये कॅशव्हॉल्ट): वीज जाताच कपॅसिटरच्या जोरावर मेमरीतला मजकूर फ्लॅशमध्ये उतरवला जातो. मग वीज आठवडाभर आली नाही तरी बिघडत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात हाच घ्या.

आता मुद्द्याचं. ९५६०-८आय वर ४ जीबी कॅश आहे, पण कॅशव्हॉल्ट वेगळं विकलं जातं. कोटेशनमध्ये सीव्हीपीएम०५ (या कार्डाच्या कॅशव्हॉल्टचं मॉडेल) अशी स्वतंत्र ओळ आहे का बघा. नसेल तर कार्ड आपणहून राइट-थ्रूवर राहणार आणि ४ जीबी कॅशचे पैसे बऱ्याच अंशी वाया. त्याहून वाईट म्हणजे इन्स्टॉल करणारा "स्लो आहे" म्हणून "ऑलवेज राइट-बॅक" लावून जातो. ते सेटिंग संरक्षण असो-नसो राइट-बॅक चालवतं. वीज गेली की डेटाबेस सस्पेक्ट मोडमध्ये, म्हणजे उघडेनासा. तेव्हा सेटिंग नुसतं "राइट-बॅक" हवं. त्यात कॅशव्हॉल्ट बिघडला की कार्ड स्वतः राइट-थ्रूवर उतरतं.

तयार ब्रँडेड सर्व्हर घेणार असाल तर हेच दुसऱ्या नावांनी बघायचं. डेलमध्ये एच३३०, एच३५५ बिनकॅशची; एच७३०पी ला २ जीबी, एच७४०पी आणि एच७५५ ला ८ जीबी. एचपीईमध्ये ई२०८आय बिनकॅशचं, पी४०८आय ला २ जीबी, पण त्याची ९६ वॉटची स्मार्ट स्टोरेज बॅटरी बिलात वेगळी असते. ती ओळ गाळून कोटेशन स्वस्त दाखवणं ही जुनी युक्ती आहे.

---

कडकभाकरी

सातरस्ता यांनी कार्डाचं सांगितलं, मी हिशोबाचं सांगतो.

आधी कॅमेरे बाहेर काढा. २४ कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट धरले तर ९६ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १२ एमबी. दिवसाला १.०४ टीबी, ३० दिवसांना ३१ टीबी. पहिल्या कोटेशनच्या रेड-५ मध्ये वापरायला मिळतात २४ टीबी, दुसऱ्याच्या रेड-६ मध्ये १६. दोन्हींत मावत नाही! एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबणारी पद्धत) लावून निम्म्यावर आणलं तरी साडेपंधरा टीबी. १६ टीबीचं विंडोज दाखवतं १४.५५ (ती १०२४ च्या पाढ्यानं मोजते), शिवाय फायली ठेवायच्या कुठे? आणि चोवीस तास अखंड लिखाण ईआरपीच्याच कार्डावरून चालणार. कॅमेऱ्यांना वेगळा एनव्हीआर (रेकॉर्डिंगचं यंत्र) आणि त्यात सर्व्हेलन्सच्या डिस्क. रेकॉर्डिंग चार दिवसांचं गेलं तर हळहळ. खातेवही चार दिवसांची गेली तर कारखाना बंद.

कॅमेरे निघाले की ८ टीबीच्या चार डिस्कांची गरजच उरत नाही. फायली २ टीबी, तर दोन डिस्क रेड-१ मध्ये: ८ टीबी. तिसरी कपाटात. दुसऱ्या कोटेशनमधली एक डिस्क कमी झाली, ते पैसे कॅशव्हॉल्टला.

तरी चार डिस्कांचाच आग्रह असेल तर हे बघा. चार डिस्कांत रेड-६ आणि रेड-१० दोन्ही निम्मीच जागा देतात. रेड-६ कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी तगतं. रेड-१० मध्ये एक गेल्यावर उरलेल्या तिनांपैकी नेमकी तिची जोडीदार गेली तरच सगळा संच (अ‍ॅरे) बुडतो. पण रेड-१० चं रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा भरणं) म्हणजे एका डिस्कची सरळ नक्कल. रेड-६ मध्ये उरलेल्या सगळ्या डिस्क वाचून गणित करावं लागतं. वेगाचं म्हणाल तर ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला विखुरलेली ऐंशीएक कामं करते. चार डिस्कांची ३२०. रेड-१० मध्ये एका लिखाणाला दोन कामं म्हणून १६०, रेड-५ मध्ये चार म्हणून ८०, रेड-६ मध्ये सहा म्हणून ५३. कॅशमुळे हे आकडे काही काळ झाकले जातात, कॅश भरली की उघडे पडतात.

रेड-५ ला ८ टीबीच्या डिस्कांवर माझा साफ नकार. एक डिस्क गेली की उरलेल्या तीन, म्हणजे २४ टीबी, अथपासून इतिपर्यंत वाचायच्या. डेस्कटॉप डिस्कांच्या माहितीपत्रकात १०^१४ बिटांमागे एक न वाचता येणारी चूक लिहिलेली असते, म्हणजे साडेबारा टीबीला एक. एंटरप्राइझ डिस्कांना १०^१५. ही कंपनीनं सांगितलेली कमाल मर्यादा, प्रत्यक्षात डिस्क बऱ्या निघतात. पण रिबिल्ड चालू असताना रेड-५ ला दुसरा आधार नसतो. चूक आली तर मेगारेड, डेलची पर्क ही कार्डं सगळा अ‍ॅरे फेकत नाहीत. तेवढा पट्टा "पंक्चर" म्हणून खूण करून पुढे जातात. रिबिल्ड पूर्ण झाल्यावर सगळं हिरवं दिसतं आणि सहा महिन्यांनी बॅकअप एका ठराविक फाइलवर अडकतो. ते पंक्चर डिस्क बदलून जात नाही. व्हर्च्युअल ड्राइव्ह (कार्डानं डिस्क जोडून विंडोजला दाखवलेली एक डिस्क) पाडून नव्यानं बनवावा लागतो आणि डेटा बॅकअपवरून परत घ्यावा लागतो.

वेळही धरा. ८ टीबी सेकंदाला २०० एमबीनं लिहायला ११ तास, तेही दुसरं काही चालू नसताना. रिबिल्ड रेट (कार्ड आपल्या ताकदीतला रिबिल्डला देतं तो वाटा) मुळात ३० टक्क्यांवर असतो. दिवसा काम चालू असेल तर दीड-दोन दिवस सहज.

---

निळीतार

डिस्कांबद्दल कोटेशनमध्ये नुसतं "८ टीबी साटा" लिहिलं असेल तर परत पाठवा. पूर्ण मॉडेल नंबर हवा. कारणं दोन.

एक, एसएमआर. या डिस्कांत ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधला ट्रॅक बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात पत्ता लागत नाही, रिबिल्डच्या अखंड लिखाणात डिस्क गुदमरते आणि कार्ड तिला बाद करतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या लाल, म्हणजे रेड मालिकेतल्या (नावाचा आपल्या रेडशी संबंध नाही) २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलांत हेच निघालं होतं आणि त्या डिस्क तर नॅससाठी (नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कपेटीसाठी) म्हणून विकल्या जात होत्या. सीएमआरच (ट्रॅक एकावर एक न चढवलेली) हवी, माहितीपत्रकात लिहिलेली.

दोन, चूक सुधारायला लागणारा वेळ. डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती एकटी मिनिट-मिनिटभर झटत बसते, कारण तिच्या हिशोबी दुसरी प्रतच नाही. रेड कार्ड आठेक सेकंद वाट बघतं आणि "ही मेली" म्हणून बाहेर काढतं. डिस्क चांगली, तरी अ‍ॅरे डिग्रेडेड, म्हणजे एका डिस्कविना लंगडा. एंटरप्राइझ आणि नॅसच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकतात आणि कार्डाला जोडीदाराकडून डेटा घेऊ देतात. जुन्या मशीनमधल्या डिस्क "चालू आहेत" म्हणून नव्या कार्डाला लावू नका, ते यासाठीच.

सीगेट एक्सॉस, डब्ल्यूडी अल्ट्रास्टार, तोशिबा एमजी, यांतलं जे मिळेल ते. जमलं तर दोन वेगवेगळ्या लॉटमधल्या. एकाच खोक्यातल्या, लागोपाठ सिरियल नंबरच्या डिस्क एकत्र म्हाताऱ्या होतात.

एसएसडीमध्ये एकच गोष्ट सोडू नका: पॉवर लॉस प्रोटेक्शन. बोर्डावर कपॅसिटरची रांग असते. वीज गेली की त्यावर आतली मेमरी रिकामी केली जाते. सॅमसंग पीएम८९३, सॉलिडाइम डी३-एस४५२०, मायक्रॉन ५४०० या वर्गातली बघा. नवी पेठेत लॅपटॉपसाठी मिळणारी एसएसडी तिप्पट स्वस्त वाटेल, ती यात चालणार नाही. टिकाऊपणा निदान रोज एकदा पूर्ण लिखाण, ५ वर्षं, असा दिलेला असतो. ९६० जीबीला ते १७५२ टीबी होतात. १८० जीबीच्या डेटाबेसला भरपूर झाले, जास्त टिकाऊ म्हणून महाग वर्गातल्या घेण्यात अर्थ नाही.

आणि एसएसडीच्या व्हर्च्युअल ड्राइव्हला राइट-थ्रू, नो रीड-अहेड, डायरेक्ट आयओ हे सेटिंग ठेवा. साध्या डिस्कांच्या ड्राइव्हला राइट-बॅक आणि रीड-अहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणं), शिवाय डिस्कची स्वतःची कॅश बंद, कारण तिला कॅशव्हॉल्टचं संरक्षण नसतं.

---

धोटा_सोलापूर

डोळे उघडले की ओ! दुसऱ्या कोटेशनमध्ये सीव्हीपीएम०५ ची ओळ नाहीच. डिस्कांचे मॉडेल नंबरही नाहीत. दोन्ही मागवतो. कॅमेऱ्यांचा हिशोब मालकांना दाखवला, एनव्हीआरला हो म्हणाले.

खोलीचं काय करू? एसी रात्री बंदच राहणार असं दिसतंय.

---

होटगीरोड

खोलीवर कार्डाइतकंच लक्ष द्या, अण्णा. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४४ अंश, पत्र्याच्या शेडला लागून असलेली खोली संध्याकाळी बाहेरपेक्षा गरम. एसी सातला बंद केला की भिंतींनी दिवसभर प्यायलेली उष्णता रात्री बाहेर पडते. सर्व्हर मात्र चालूच असतो, आणि रात्रीच बॅकअप चालतो, पेट्रोल रीड (कार्डानं प्रत्येक डिस्क वाचून तपासणं) चालतं, म्हणजे डिस्कांना सगळ्यात जास्त काम तेव्हाच. दीड टनाचे दोन एसी टायमरवर आलटून-पालटून लावा. डिस्कांचं तापमान ४५ च्या आत राहिलं पाहिजे, माहितीपत्रकात ६० लिहिलेलं असलं तरी.

असेंबल्ड टॉवर घेणार असाल तर हे नीट वाचा. रेड कार्डाला पंखा नसतो, नुसता हीटसिंक असतो. ते रॅक सर्व्हरच्या जोराच्या वाऱ्यासाठी बनवलेलं. मिनिटाला २०० फूट, म्हणजे सेकंदाला मीटरभर वेगाचा वारा त्यावरून गेला पाहिजे. डेस्कटॉपच्या डब्यात तिथे हवा साचते. चिप तापते, कार्ड मधेच गायब होतं, सगळ्या डिस्क एकदम "मिसिंग" दिसतात, आणि लोक डिस्क बदलत बसतात. कार्डासमोर १२० मिमीचा एक पंखा पक्का बसवून घ्या.

मग कापसाचे तंतू. टॉवेलच्या शेडमधली ती पांढरी मऊ लव सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर आधी भुरभुरते, मग तिची अखंड गादी होते, बोटानं उचलली तर जाळीच्या भोकांच्या ठशासकट निघते. पंखे जोरात फिरतात, आवाज वाढतो, हवा आत जातच नाही. शेडच्या बाजूचं दार कायमचं बंद करा, ये-जा ऑफिसच्या बाजूनं. दर पंधरा दिवसांनी जाळी ब्रशनं साफ. ब्लोअर मारायचा तर मशीन बंद करून, पंख्याचं पातं बोटानं धरून, आतून बाहेर. यंत्रमागाच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल येतं.

वीज: जुना यूपीएस बदला, ऑनलाइन प्रकारचा घ्या, जो बॅटरीवर जायला क्षणही घेत नाही. लाइन-इंटरॅक्टिव्हला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात आणि जनरेटरची हलती फ्रिक्वेन्सी त्याला सोसत नाही; तो बॅटरीवरच बसून राहतो आणि ती संपवतो. न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मल्टीमीटरनं मोजा, २-३ व्होल्टच्या आत हवा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, पाणी घालत जा. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून आपोआप शटडाउन लावा आणि एका रविवारी मेन खाली पाडून ते खरंच होतंय का बघा. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य दर ८-१० अंशांना निम्मं होतं, म्हणून त्याही थंड खोलीतच ठेवा, जिन्याखाली नको.

शेवटचं: कंपनीचा "४ तासांत सर्व्हिस" करार घेण्याआधी एमआयडीसीचा पिन कोड देऊन लेखी विचारा, सुटे भाग कुठल्या गोदामातून येणार. पुणं अडीचशे किलोमीटर आहे. माणूस चार तासांत येईल, डिस्क उद्या येईल. म्हणून एक एसएसडी आणि एक ८ टीबी कपाटात हवीच.

---

शेंगाचटणी

एक उलटा मुद्दा मांडतो. हार्डवेअर रेडच कशाला? एचबीए (डिस्क थेट दाखवणारं साधं कार्ड) लावा, त्यावर प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्स प्रणाली) आणि झेडएफएस (रेडचं काम स्वतःच करणारी फाइल सिस्टिम). प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) असतो, सडलेला डेटा ओळखून दुरुस्त करतो, कार्ड मेलं तर कुठल्याही मशीनला डिस्क लावून पूल (डिस्कांचा संच) उघडता येतो. कार्डाची गुलामी नाही.

---

सातरस्ता

मुद्दा खरा आहे आणि लिनक्स सांभाळणारा माणूस पगारावर असेल तर मीही तेच सांगेन. इथे थेट विंडोज सर्व्हर आहे, आणि रात्री डिस्क गेली तर ऑफिसमधला मुलगा लाल दिव्याचा ट्रे काढून नवा ढकलणार आहे. त्याला कमांड लिहायला लावू नये. ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची व्हर्च्युअल मशीनची प्रणाली) असतं तरी स्थानिक डिस्कांसाठी हार्डवेअर रेडच लागलं असतं.

एक मात्र: दोन्ही एकत्र करू नका. रेड कार्डावर व्हर्च्युअल ड्राइव्ह बनवून त्यावर झेडएफएस म्हणजे दोन स्वयंपाकिणी एका चुलीवर. झेडएफएसला डिस्क थेट दिसल्या पाहिजेत.

मदरबोर्डच्या रेडबद्दल कोणी बोललं नाही. ते हार्डवेअर रेड नाही; सगळं काम ड्रायव्हर प्रोसेसरकडून करून घेतो, संरक्षित कॅश नाही. आरशासाठी चालून जातं, त्यापुढे नाही.

---

कडकभाकरी

बॅकअपचं धरूनच चाललोत सगळे, म्हणून थोडक्यात. चुकून पुसलेलं रेड दोन्ही डिस्कांवर तितक्याच इमानानं पुसतं. रॅन्समवेअरचंही तेच. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर (हव्या त्या क्षणापर्यंत परत आणता येईल असा), रात्री पूर्ण बॅकअप, दिवसा दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप (मधल्या व्यवहारांचा), दुसऱ्या इमारतीतल्या नॅसवर. सर्व्हरचं अ‍ॅडमिन खातं त्या नॅसवर चालता कामा नये. टॅलीचा डेटा फायलींत असतो, वीज गेल्यावर फाटला तर रेड-१० सुद्धा फाटलेलाच जपून ठेवतं. त्याची रोज वेगळी प्रत. आणि कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे ना, मग ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेणं बंधनकारक आहे. सीएंना विचारून घ्या.

---

धोटा_सोलापूर

सुधारित कोटेशन आलं: ९५६०-८आय, सीव्हीपीएम०५, ९६० जीबीच्या ५ एसएसडी (एक कपाटात), ८ टीबीच्या ३ डिस्क, ऑनलाइन यूपीएस. डिस्क एक्सॉस आहेत, मॉडेल नंबरासकट. ऑर्डर टाकतोय. बसवताना काय बघायचं आणि डिस्क गेली तर नेमकं काय करायचं, ते सांगा. भिंतीवर चिकटवणार आहे.

---

सातरस्ता

बसवताना:

१. डिस्क आल्या की सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून बघा. मग प्रत्येकीची लांब स्मार्ट टेस्ट (डिस्कनं स्वतःची केलेली तपासणी). ८ टीबीला अर्धा दिवस धरा. कपाटात जाणाऱ्याही तपासा, तिथे खराब डिस्क ठेवून काय उपयोग.
२. कार्डाचं फर्मवेअर डेटा पडायच्या आधी ताजं करा.
३. व्हर्च्युअल ड्राइव्ह बनवल्यावर पूर्ण इनिशियलाइझ करा, फास्ट नको. पूर्ण करताना सगळा पृष्ठभाग एकदा लिहिला जातो, कच्ची डिस्क तिथेच उघडी पडते.
४. पेट्रोल रीड आणि कन्सिस्टन्सी चेक, दोन्ही आठवड्याला एकदा, वेगवेगळ्या रात्री. पहिलं प्रत्येक डिस्क वाचून बघतं. दुसरं आरशाच्या दोन बाजू जुळतात का ते ताडतं. रविवारी सुट्टी असेल तर शनिवारी रात्री एक, रविवारी दुसरं.
५. कार्डाच्या एलएसए या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमधून ईमेल अलर्ट लावा, ५८७ पोर्ट आणि अ‍ॅप पासवर्ड वापरून. पत्ता एका माणसाचा नको, निदान तिघांचा. कार्डाचा बझर बंद करू नका.
६. प्रत्येक ट्रेवर सिरियलचे शेवटचे चार आकडे चिकटवा.
७. डेटा टाकण्याआधी चालू मशीनमधून एक डिस्क ओढा. बझर वाजतो का, ईमेल येतो का, परत लावल्यावर रिबिल्डला किती वेळ लागतो, लिहून ठेवा. हे न करता मशीन ताब्यात घेऊ नका. परत लावलेली डिस्क "फॉरेन" दिसली तर गोंधळू नका, तिच्यावर जुनी मांडणी असते.

डिस्क गेली तर:

आधी लॉग बॅकअप घ्या, मग मशीनकडे जा. सॉफ्टवेअरमधून त्या डिस्कचं "लोकेट" लावा, लुकलुकणाऱ्या ट्रेचे चार आकडे पडद्यावरच्या सिरियलशी जुळवा. ट्रे अर्धा इंच ओढून अर्धा मिनिट थांबा, आतली तबकडी थांबू द्या, मग पूर्ण काढा. नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी. रिबिल्ड बहुतेक आपणहून सुरू होतं. कपाटातली डिस्क कोरी असणं म्हणूनच महत्त्वाचं: आधी दुसऱ्या कार्डावर वापरलेली असेल तर तीही फॉरेन दिसेल, आणि "फॉरेन क्लिअर" हा हुकूम कार्डावरच्या सगळ्या फॉरेन डिस्कांना एकदम लागू होतो. एखादी चांगली डिस्क त्या क्षणी फॉरेन दिसत असेल तर तिचीही मांडणी पुसली जाईल.

चुकीचा ट्रे ओढला आणि अ‍ॅरे ऑफलाइन झाला: घाबरून काहीही इनिशियलाइझ करू नका. फास्ट इनिशियलाइझसुद्धा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग पुसतं, पार्टिशनची नोंद त्याच भागात असते. मशीन बंद करा, डिस्क परत त्याच जागी लावा, चालू करा, "फॉरेन इम्पोर्ट" (डिस्कांवरची मांडणी कार्डात परत घेणं).

एकाच जोडीतल्या दोन्ही डिस्क वेगवेगळ्या दिवशी पडल्या असतील तर इव्हेंट लॉगमधून क्रम काढा. शेवटी पडलेली डिस्क फोर्स ऑनलाइन (जबरदस्तीनं चालू) करायची. आधी पडलेली डिस्क जुनी आहे, तिच्यात त्या दिवसानंतरचं काहीच नाही. तिला ऑनलाइन केलं तर डेटाबेस मागच्या आठवड्यातला उघडतो आणि लोक त्यावर कामही सुरू करतात.

कार्डच गेलं: मेगारेडची मांडणी डिस्कांवरही लिहिलेली असते. त्याच घराण्यातलं तेवढंच किंवा नवं कार्ड लावा, फॉरेन इम्पोर्ट करा. नव्याकडून जुन्या पिढीच्या कार्डाकडे जाताना खात्री नाही. एचपीईवाल्यांनी लक्षात ठेवा, पी मालिकेचा अ‍ॅरे एमआर मालिकेच्या कार्डावर उघडत नाही.

---

धोटा_सोलापूर

लई उपकार झाले. एकच राहिलं. जुन्या मदरबोर्ड रेड-१ च्या डिस्का नव्या कार्डाला लावून डेटा ओढू का?

---

निळीतार

नको. नवं कार्ड त्या ओळखणार नाही आणि कोणीतरी मांडणी बनवायच्या नादात पुसून बसेल. जुनं मशीन चालू असेपर्यंत नेटवर्कवरूनच नक्कल करा. गिगाबिटवर २ टीबीला साधारण पाच-सहा तास, छोट्या फायली खूप असतील तर जास्त. मशीन मेलेलंच असेल आणि रेड इंटेलचं असेल तर आरशातली एक डिस्क कुठल्याही साध्या पीसीच्या साटा पोर्टला लावा. त्या रेडची नोंद डिस्कच्या शेवटी असते, त्यामुळे आरशातली डिस्क साध्या डिस्कसारखी वाचता येते. त्या पीसीच्या बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय ठेवा, रेड नको. विंडोजनं "इनिशियलाइझ डिस्क" विचारलं तर कॅन्सल. दुसरी डिस्क हात न लावता, तारीख लिहून, नवा सर्व्हर महिनाभर नीट चालेपर्यंत कपाटात.